मिठाची जागा

"हरेशभाई, ही मुलगी बोलते का, की नुसती आणून ठेवलीय?"

प्रश्न माझ्याबद्दल होता. मी तेव्हा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतल्या टेबलाखाली वाकून नव्या मॉनिटरची वायर खोचत होते. विचारणारीची मला फक्त पावलं दिसत होती. जाड तळाच्या काळ्या चपला, आणि वर सुती साडीचा काठ. काठाला ॲसिडने पडलेली बारीक भोकं होती.

"बोलती है, मॅडम, बोलती है," आमचे मालक हरेशभाई म्हणाले. "कॉन्व्हेंट की है. इंग्लिश एकदम फर्स्ट क्लास. आपलं मॅन्युअल हिनेच लिहिलंय."

"म्हणजे लिहिते. मी बोलते का विचारलं."

वायर केव्हाच बसली होती. तरी मी आणखी थोडा वेळ टेबलाखालीच राहिले.

ही माझी आणि कर्णिकबाईंची पहिली भेट. सुलभा कर्णिक, प्रयोगशाळेच्या प्रमुख. उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा आणि पांढऱ्या कोटाच्या खिशात चष्म्याची दोन घरं. आवाज असा की, दारापासून बोलल्या तरी शेवटच्या टेबलावरचा माणूस सरळ बसायचा. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी मला काहीच विचारलं नाही. माझ्या कपाळाला लागलेली धूळ फक्त बोटाने दाखवली.

बाईंची एक सवय सगळ्यांना माहीत होती. त्या कुठेही बसल्या की आधी समोरचं टेबल लावायच्या. टेबल त्यांचं असो, दुसऱ्याचं असो, बँकेच्या साहेबाचं असो. एकदा आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा खुर्चीत टेकता टेकता त्यांनी हरेशभाईंचा फोन उजवीकडून उचलून डावीकडे ठेवला. "लिहिता उजव्या हाताने, मग फोन उचलायला पेन खाली का ठेवायचं?" हरेशभाई हसले, बाई गेल्यावर फोन परत उजवीकडे ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच डावीकडे नेला. "साईं, औरत सही बोलती है," असं ते कोणाकडेही न बघता म्हणाले.

आमचं ऑफिस उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका युनिटच्या माळ्यावर. खालचं युनिट हरेशभाईंच्या मोठ्या भावाचं. खाली शिलाई मशिनं सुरू झाली की वर आमच्या कपातला चहा थरथरायचा. माणसं तीन. हरेशभाई गिऱ्हाईक आणायचे, मंदार प्रोग्राम लिहायचा आणि मी मॅन्युअल लिहायची. प्रोग्रामिंगचा कोर्स मीही केला होता. पण मुलाखतीत हरेशभाईंनी मला इंग्रजी बोलायला लावलं, खूश झाले आणि मॅन्युअलवर बसवलं. मी काही बोलले नाही. न बोलणं मला सोपं जायचं.

आमचं सॉफ्टवेअर प्रयोगशाळांसाठी होतं. यंत्रात रंगाचा एक थेंब सोडायचा. त्यातला एकेक घटक सुटा होऊन बाहेर पडतो, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक रेषा वर चढते, खाली उतरते. प्रत्येक चढ म्हणजे एक घटक. मंदार त्यांना इंग्रजीत काहीतरी म्हणायचा. बाई मोठ्या चढाला डोंगर म्हणायच्या आणि लहानाला टेकडी. मॅन्युअलमध्ये मी काय लिहिलंय ते मला आठवत नाही, पण मनात मीही डोंगर आणि टेकडीच म्हणायला लागले.

त्या पहिल्या दिवशी मॉनिटर सुरू झाला. जुन्याच्या मानाने चांगला मोठा. बाईंनी माउस हातात घेतला आणि आमची विंडो पडदाभर केली. त्या तिला खिडकीच म्हणायच्या. खिडकी मोठी झाली, पण आत काहीच झालं नाही. आलेख होता तेवढाच राहिला, वरच्या डाव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटासारखा चिकटलेला. बाकी सगळा पडदा करडा आणि रिकामा.

"एवढं मैदान मोकळं दिलं तर हा कोपऱ्यात अंग चोरून उभा," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, हे पुन्हा माझ्याबद्दलच.

"मॅडम, टेन्शन नाय," मंदार म्हणाला. "विंडो मोठी करूच नका ना. आहे तशी ठेवा, सॉलिड चालेल."

"मग मोठा पडदा काय मी शोभेला मागवला?"

तो का मागवला होता ते त्यांनी सांगितलं. कारखान्याच्या निळ्या रंगाबद्दल तक्रारी येत होत्या. कापडावर चढवला की थोड्या दिवसांत विटायचा. बाईंचं म्हणणं होतं की, निळ्याच्या मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी एक टेकडी आहे आणि ती तिथे असायला नको. काहीतरी नकोसं मिसळतंय. पण आमच्या तिकिटाएवढ्या आलेखात ती टेकडी म्हणजे रेषेचा जरासा जाडपणा. वरच्या मजल्यावरचे साहेब लोक वाकून बघायचे आणि म्हणायचे, "कुठे काय? बाई, चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

"मी तपासून घेतला," बाई म्हणाल्या. "नंबर तोच आहे. आता तुमचा आलेख मोठा करा. दिवाळीनंतर साहेबांची कमिटी बसणार आहे. एक परदेशी कंपनी तिचं सॉफ्टवेअर दाखवणार, तुम्ही तुमचं दाखवा. ज्यात माझी टेकडी दिसेल ते राहील. मग मी तुमची भीड धरणार नाही, हरेशभाई."

परत येताना रिक्षा विम्को नाक्याच्या पुढे आल्यावर हरेशभाई म्हणाले, "ये पार्टी गेली ना, तर भाई माळा पण घेणार. खाली जीन्स, ऊपर भी जीन्स." मंदार हसला. मी हसले नाही. मला ती नोकरी हवी होती. घरी सगळे म्हणायचे की, ही एवढी घुमी, हिला कोण ठेवून घेणार. आणि कोणीतरी ठेवून घेतलं होतं.

त्यानंतर मी बऱ्याचदा एकटीच प्रयोगशाळेत जाऊ लागले, मॅन्युअलसाठी टिपणं घ्यायला. बाई आकडे सांगायच्या आणि मी कॉम्प्युटरवर भरायची. तिथेच माझी पंचाईत झाली. मराठी मी घरात बोलायची, पण आकडे सगळे शाळेत इंग्रजीत शिकलेले. बाई म्हणाल्या, "एकोणसाठ." मला साठ ऐकू आलं, आधीच्या एकोणचं काय करायचं ते कळेना, आणि साठावर नऊ धरून मी एकोणसत्तर भरले. पडद्यावर डोंगर भलतीकडेच उगवला. तिथला एक तरुण केमिस्ट खो खो हसला.

बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग मला म्हणाल्या, "तुला एकोणसाठ येत नाही, मला तुमची ती तिरपी रेघ कीबोर्डवर सापडत नाही. फिट्टंफाट. पुढचा आकडा. एकोणऐंशी. आधी बोलून दाखव, मग भर."

"सेव्हंटी..." मी थांबले.

"घाबरतेस कशाला? सांडलं तर पुसता येतं गं. वाढलंच नाही, तर माणूस उपाशी उठतो."

हे त्यांचं पेटंट वाक्य. ते त्या प्रत्येक ठिकाणी वापरायच्या. प्रयोगशाळेतला नवा मुलगा नमुना घ्यायला कचरला की हेच. साहेबांना पत्र लिहायला कोणी टाळाटाळ केली की हेच. वाढण्याची भाषा त्यांच्या तोंडी कुठून आली ते मला तेव्हा माहीत नव्हतं. प्रयोगशाळेतला शिपाई, बुवापाड्याचा गायकवाड, त्याने सांगितलं. "बाईंना बदलापुरात विचारा. लग्न असो, देवीचं जेवण असो, पंगत बाईंच्याच हुकमाने बसते आणि उठते. नवरदेव उशिरा आला तरी चालतं, कर्णिकबाई आल्याशिवाय पानं मांडत नाहीत."

इकडे मंदारने काम केलं. खरं सांगायचं तर झटपट आणि मेहनतीने केलं. खिडकी दुप्पट मोठी केली की आतली प्रत्येक वस्तू दुप्पट व्हायची. आम्ही फ्लॉपी घेऊन गेलो. बाईंनी खिडकीचा कोपरा धरून ओढला आणि बघतच राहिल्या. बटणं दारांएवढी झाली. त्यांवरची अक्षरं फुगून एकमेकांवर चढली. आलेख मोठा झाला खरा, पण छोटं चित्र ताणल्यासारखा. रेषा दोरखंडासारखी जाड आणि टेकडी त्या दोरखंडात गडप. मग त्यांनी खिडकी लहान केली. यंत्र थांबवायच्या बटणावर 'थां' एवढंच उरलं.

बाई खुर्चीत मागे रेलून हसायला लागल्या. त्यांचं हसणं मोठं होतं, गडगडाटी. "अहो मंदार, परातीएवढं पान घेतलं म्हणून मिठाचा ढीग वाढायचा का?"

मंदारने माझ्याकडे बघितलं, मी हरेशभाईंकडे. हरेशभाई म्हणाले, "मॅडम, नमक का क्या प्रॉब्लेम है?"

बाईंनी डोळे पुसले. मग माझ्याकडे वळल्या. "तू रविवारी काय करतेस?"

मी मान हलवली. काही नाही, अशा अर्थाने.

"बदलापूरला ये. देवळात नवरात्राची पंगत आहे. वाढायला माणसं कमी आहेत. तिथे बोलावं लागत नाही, ऐकावं लागतं."

गेले. गाव जवळ असून बदलापूरच्या त्या जुन्या आळीत मी कधी आत गेले नव्हते. देवळामागच्या मंडपात गडबड उडाली होती. जांभूळच्या पाणीपुरवठा केंद्रातून येणारं पाणी त्या दिवशी बंद होतं, त्यामुळे ताटं धुणं शक्य नव्हतं, आणि ऐन वेळी वांगणीहून कोणाच्या तरी वाडीतली केळीची पानं टेम्पोत घालून आणली होती. मिळतील तशी कापलेली. एक पान चटईएवढं, शेजारचं वहीएवढं, काही टोकाशी फाटलेली. बाई पदर खोचून उभ्या होत्या. प्रयोगशाळेतला आवाज तिथे आणखी मोकळा झाला होता.

त्यांनी माझ्या हातात चटणीचं भांडं दिलं आणि ढकललं. मी रांगेतून वाढत निघाले. चटणी डावीकडे वाढतात एवढं ऐकून होते, म्हणून मी समोरून माझ्या डाव्या बाजूला चटणी ठेवत गेले. म्हणजे जेवणाऱ्याच्या उजवीकडे. चांगली पाच-सात पानं झाली असतील. तिथे एक आजोबा शेजाऱ्याशी तावातावाने बोलत होते. बोलता बोलता, पानाकडे न बघता, त्यांचा हात भाजीच्या जागी गेला, भला मोठा घास उचलला आणि तोंडात टाकला. तो सगळा हिरव्या मिरचीच्या चटणीचा होता.

आजोबांचा चेहरा बदलत गेला तो मी अजून विसरलेले नाही. "पाणी! अरे, कोणी वाढलंय हे? पान उलटं मांडलंय की मी उलटा बसलोय?"

अख्खी रांग हसली. मी भांडं घेऊन खिळल्यासारखी उभी. बाई तांब्या घेऊन आल्या. "माझी नवी वाढपी आहे, काका. आधी पाणी प्या, मग ओरडा." आणि मला हाताला धरून रांगेच्या टोकाला नेलं, जिथे एक रिकामं पान होतं.

"बैस. बघ. वर मधोमध मीठ. ते हलत नाही. पान केवढंही असो, मीठ वरच्या काठापाशी, चिमूटभर. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. ती डाव्या काठाला धरून. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. ती उजव्या काठाला धरून. आणि मधे?"

"भात," मी म्हणाले.

"भात. पान मोठं असलं की कोणाला जास्त जागा मिळते?"

"भाताला."

"मिठाला नाही. लिंबाला नाही. त्यांना आपला काठ बरा. काका बोलत बोलत जेवतात ना? जेवणाऱ्याचा हात न बघता गेला पाहिजे. पान बदललं तरी हात चुकता कामा नये." मग त्यांनी शेजारचं वहीएवढं पान ओढलं. एका लहान मुलासाठी मांडलेलं. "आणि हे असं इवलं पान आलं तर?"

मी विचार केला. "सगळं थोडं थोडं वाढायचं."

"चूक. मग सगळ्याचा काला होतो. जागा कमी असली की आधी काय वाढायचं नाही ते ठरवायचं. पापड हातात दे. लोणचं मागेल तेव्हा दे. भाताची जागा मात्र सोडायची नाही. भातासाठी तर बसलाय तो."

मंडपात गोंधळ चालला होता, कोणीतरी वरणासाठी ओरडत होतं, आणि मी त्या दोन पानांकडे बघत बसले होते. एक मोठं, एक लहान. मला आमची खिडकी दिसत होती. वर मधोमध यंत्र थांबवायचं बटण. डावीकडे नमुन्यांची यादी. उजवीकडे आकड्यांचा तक्ता. आणि मधे आलेख.

"उठ आता," बाई म्हणाल्या. "कोशिंबीर घे. डावीकडे, लक्षात ठेव. जेवणाऱ्याच्या डावीकडे, तुझ्या नाही."

सोमवारी ऑफिसात मी मॅन्युअलची फाइल उघडी ठेवली आणि तिच्यामागे मंदारचा प्रोग्राम उघडला. त्यात प्रत्येक वस्तूची जागा पक्क्या आकड्यांनी लिहिली होती. वरून इतकी, डावीकडून इतकी. म्हणूनच सगळं डाव्या कोपऱ्यात गोळा व्हायचं. मी ते आकडे काढले. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं की, तू कोणत्या काठाला धरून आहेस? यादी डाव्या, तक्ता उजव्या, बटण वरच्या. खिडकी कितीही ताणली तरी ती आपापल्या काठापासून तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच मापाची. सगळ्यांचं देऊन मधे जे उरेल ते आलेखाचं. आणि आलेख ताणायचा नाही. जागा बदलली की मूळच्या मोजमापांवरून रेषा प्रत्येक वेळी नव्याने काढायची, बारीक. जागा जास्त असेल तर अक्षांवर आकडेही जास्त.

लिहायला सोपं वाटतं. करताना नाकी नऊ आले. कधी तक्ता आलेखावर चढायचा, कधी यादी खिडकीबाहेर जायची. खाली मशिनं चालू, वर मी, आणि मंदार मधूनच विचारायचा, "काय गं, मॅन्युअलचा एवढा काय घाम काढतेस?" मी म्हणायची, "काही नाही." तो भला मुलगा होता. सांगितलं असतं तर मदतही केली असती. पण सांगायला तोंड उघडावं लागतं.

फ्लॉपी घेऊन मी पहिल्यांदा गेले ती बाईंकडे, एकटी, जेवणाच्या सुट्टीत. त्यांनी डबा बाजूला सारला, चष्मा बदलला आणि खिडकीचा कोपरा धरला. ओढला. यादी डावीकडे राहिली, तक्ता उजवीकडे सरकला, बटण वर मधोमध, आणि मधला आलेख पसरत गेला. त्यांनी परत लहान केला, परत मोठा. लांबट, उभट. बराच वेळ त्या नुसत्या कोपरा ओढत बसल्या, झोपाळा मिळालेल्या पोरीसारख्या. बाई गप्प आहेत हे बघून गायकवाडही जवळ आला.

मग त्यांनी खिडकी मिटवून खालच्या पट्टीत टाकली आणि प्रोग्राम धाडकन बंद पडला.

काय झालं ते मला तत्क्षणी कळलं होतं. खिडकी मिटली की मधली जागा उरतच नाही, आणि माझा प्रोग्राम त्या नसलेल्या जागेत आलेख मांडायला जात होता. मी ते कसंबसं सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं हातांनी.

"म्हणजे जेवणारा उठला, पान उचललं, आणि तू वाढतेच आहेस," बाई म्हणाल्या. "पान नाही तर वाढप बंद. एवढंच ना?"

एवढंच होतं. एका ओळीचं काम. मी ती ओळ तिथेच बसून घातली. मग बाईंनी निळ्या रंगाचा नमुना उघडला, खिडकी पडदाभर केली, आणि आम्ही तिघंही पुढे वाकलो.

डोंगर उभा होता, स्वच्छ, बारीक रेषेचा. आणि त्याच्या उजव्या पायथ्याशी, वेगळी, गोलसर, कोणालाही दिसावी अशी, टेकडी होती.

"लपून बसली होतीस काय गं सटवे," बाई पडद्याला म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग डब्यातला शेवटचा कानवला माझ्या हातावर ठेवला. "हरेशभाईंना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

मी कानवला खाल्ला. उत्तर द्यायचं टाळायला बरा पडला. हरेशभाईंना शेवटी बाईंनीच फोन केला. ते इतके खूश झाले की खाली जाऊन भावालाही सांगून आले. मंदार दिवसभर खिडकीचा कोपरा ओढत होता आणि "च्यायला, च्यायला," म्हणत होता. पण कमिटीसमोर बोलायचं कोणी, यावर चर्चाच झाली नाही. बोलणार मंदार. मी फ्लॉप्या घेऊन मागे बसणार. मलाही ते बरंच वाटलं.

निकाल आधीच सांगून टाकते, कारण मला सांगायचंय ते निकालाबद्दल नाही. आमचं सॉफ्टवेअर राहिलं. टेकडी कोणत्या टाकीतून येते तेही बाईंनी महिन्याभरात शोधून काढलं आणि निळा रंग विटायचा थांबला. वरच्या मजल्यावर चष्म्याच्या नंबराची चौकशी पुन्हा कोणी केली नाही. गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी भाषणं चालू असताना त्या व्यासपीठावरचा फुलदाणीचा आणि पाण्याच्या पेल्यांचा पसारा आवरत होत्या, आणि आत प्रयोगशाळेत त्यांच्या पडद्यावर आमचीच खिडकी उघडी होती. आता त्या बदलापुरात पूर्णवेळ पंगती बसवतात. हरेशभाईंच्या माळ्यावर आम्ही सात जण आहोत. नवीन आलेल्या प्रत्येकाला खिडकी मांडायला मी शिकवते. सुरुवात मिठापासून.

पण मला सांगायचाय तो कमिटीचा दिवस.

लांब टेबल. एका बाजूला कारखान्याचे मोठे साहेब आणि तिघं अधिकारी, दुसऱ्या बाजूला आम्ही. परदेशी कंपनीचा माणूस टाय लावून आधीच येऊन गेला होता. त्यांचं सॉफ्टवेअर देखणं होतं, पण आलेखाची चौकट ठरलेल्या मापाची. बाई कॉम्प्युटरपाशी बसल्या होत्या. त्यांनी काही न बोलता आमची खिडकी पडदाभर केली आणि टेकडीवर पेन टेकवलं. साहेब उठून जवळ आले. "बाई," ते म्हणाले, "ही इतके दिवस होती?"

"होती. जागा नव्हती," बाई म्हणाल्या.

मंदार छान बोलला. हरेशभाई मधूनमधून "साहब, हमारी टीम ने" म्हणत राहिले. सगळं जिंकल्यात जमा होतं. तेवढ्यात साहेबांनी स्वतः माउस घेतला आणि खिडकी लहान करायला सुरुवात केली. लहान, आणखी लहान. एका जागी उजवीकडचा आकड्यांचा तक्ता एकदम नाहीसा झाला आणि त्याची जागा आलेखाने घेतली.

साहेबांनी हात थांबवला. "हे काय? तक्ता गेला कुठे? बिघाड आहे?"

मंदारने पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हे मी आदल्याच दिवशी घातलं होतं, आणि त्याला सांगितलंच नव्हतं.

"साहब, छोटा मिस्टेक है," हरेशभाई घाईने म्हणाले. "दो दिन में काढून टाकू. तक्ता कायम राहील, गॅरंटी."

अधिकाऱ्यांपैकी एकाने कागदावर काहीतरी लिहायला पेन उचललं. मला कळत होतं की, तो 'चूक' असं लिहिणार. दोन दिवसांनी मंदार तो तक्ता परत आणून बसवणार, लहान खिडकीत सगळ्याचा काला होणार, आणि टेकडी परत गडप होणार. बाईंना उत्तर माहीत होतं. त्यांनीच शिकवलेलं होतं. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तरी पुरलं असतं.

त्याऐवजी त्या टेबल लावायला लागल्या. त्यांनी समोरचा पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग कागद सारले. मग स्वतःची खुर्ची मागे ओढली, इतकी की माझ्या आणि पडद्याच्या मधे कोणीच उरलं नाही. आणि माझ्याकडे बघत बसल्या, पान मांडून वाढपाची वाट बघणाऱ्या माणसासारख्या.

उभं राहताना खुर्चीचा आवाज झाला. सगळ्यांनी वळून बघितलं. इंग्रजीत बोलले असते तर शब्द चुकला नसता. पण बाई समोर होत्या.

"चूक नाही, सर," मी म्हणाले. "हे मी लिहिलंय, आणि मुद्दाम लिहिलंय. जागा कमी पडली की आधी तक्ता उठतो, मग यादी उठते. आलेख उठत नाही, आणि थांबवायचं बटण जागचं हलत नाही. तुम्ही खिडकी आणखी लहान करा, सर. करून बघा."